पिशवीतला रंग

"पिशवी उघडायची नाही हं, आई. बाहेरूनच दाबायची."

"बाहेरूनच? मग रंग कशाला घातलास, नुसती हवा भरायचीस."

लेक चपला घालता घालता हसली. झिपच्या पिशवीत निळ्या आणि पिवळ्या रंगाचे गोळे घालून तिने ती खिडकीच्या काचेला चिकटवली होती. तिच्या छोट्या पोरीने वरून बोटं फिरवायची, रंग आतल्या आत पसरायचे. हात कोरडे, फरशी कोरडी. काल ओल्या ब्रशने बाल्कनीची फरशी रंगवायची होती, नुसत्या पाण्याने. घाण न होणारे असे खेळ लेक फोनवर शोधून ठेवी आणि सकाळी आईच्या गळ्यात घालून कामाला पळे.

आजीने दाराला आतून कडी घातली. सूत रंगवायच्या कारखान्यात उभा जन्म रंगाच्या पिंपांजवळ घालवलेली बाई ती. इथे लेकीकडे आली ती नात बसायला लागेपर्यंत राहायचं म्हणून. मग चालायला लागेपर्यंत. आता भिंगरी (नातीला ती भिंगरीच म्हणे) घरभर धावत होती आणि आजी कडीच्या आत, तिच्या मागे.

काल कारखान्याच्या मालकिणीचा फोन आला होता. "मावशी, उद्या सांगाच. येणार असाल तर जागा ठेवते, नाहीतर दुसरी बघते."

जायचं तर होतंच. पण सांगायला तोंड उघडलं की लेकीचे ओढलेले डोळे दिसत आणि भलतंच काही बोललं जाई. त्यापेक्षा तिनेच म्हणावं, आई, तुला नाही जमत, तू जा. म्हणून आठवडाभर आजीने जमेल तेवढा वेंधळेपणा करून पाहिला. दूध उतू जाऊ दिलं, पांढऱ्या कपड्यांत लाल मोजा धुतला. लेक म्हणे, "असू दे गं, दमतेस तू." चांगल्या स्वभावाच्या मुलीपुढे काही इलाज चालत नाही.

भिंगरीने पिशवी दाबून पाहिली, मग स्वतःचं बोट पाहिलं. कोरडं. तिने आजीपुढे ते नाचवलं. "नाई!"

"नाहीच तर! ही काय रीत झाली?" आजी म्हणाली आणि तिने पिशवी उघडली.

पुढे काय झालं ते बैठकीच्या भिंतीने पाहिलं. निळा, पिवळा, मग हिरवा. भिंगरीचा हात पोचेल तिथवर तिचे पंजे, त्याच्या वर आजीचे. आजीला मध्येच आठवलं की आपण हे मुद्दाम करतोय. तोवर ती विसरूनच गेली होती. झालं एकदाचं, तिला वाटलं. आता ओरडेल. ओरडली की म्हणायचं, जाते मी.

संध्याकाळी लेक दारातच थांबली.

"आई!"

"बघ ना. माझ्याच्याने काही हे..."

लेक भिंतीला टेकून खालीच बसली, पर्स खांद्यावर तशीच. "आई, आज मला कायम केलं गं. तू होतीस म्हणून टिकले, नाहीतर पहिल्याच महिन्यात सोडलं असतं."

आजीने भिंतीकडे बोट केलं. "अगं, पण भिंत?"

"राहू दे. छान दिसतेय. रोज काढा हवं तर."

बोलता बोलता तिथेच तिचा डोळा लागला. आजी स्वयंपाकघरात गेली, दार लोटून तिने मालकिणीला फोन लावला.

"नाही जमायचं गं. दुसरी बघ. पण उंच बघ हो, पिंपावर वाकून बुटक्या बाईची पाठ जाते. आणि पहिल्याच दिवशी काळा रंग देऊ नकोस तिला, हात काळेच राहतात, घाबरेल." ती थांबली. "माझा रबरी एप्रन खुंटीला असेल. तो दे तिला."

"मावशी, तुमचाच आहे तो. राहू दे की."

"उगाच कशाला अडवून ठेवायचा."

बाहेर भिंगरीला चिकटपट्टीचं रीळ सापडलं होतं. दातांनी एक तुकडा तोडून तिने झोपलेल्या आईच्या हातावर डकवला होता. दुसरा काही तुटेना. आजी शेजारी मांडी घालून बसली आणि तिला तुकडे तोडून देऊ लागली, एकेक, आवाज न करता.