बारा नंबरची खुर्ची

"ह्या कुठल्या खुर्च्या रे?" ओटिलीमावशीने दारातच विचारलं.

"नव्या आहेत, मावशी. लोखंडी. मोडायची भानगड नाही," व्हर्नन म्हणाला. त्याच्यामागे शवपेटीत त्याचे वडील, एमिल पोस्पिशिल, निजले होते. गावातल्या मयतांची सगळी व्यवस्था या माणसाने जन्मभर पाहिली. आज त्याची पाळी होती.

"आणि जुन्या?"

"मागच्या शेडमध्ये. उद्या जळणाला देतो."

पांढरे हातमोजे नीट करत मावशी दाराशी उभी राहिली.

नेब्रास्कातल्या आमच्या या गावात ऑपेरा हाउस होतं. तिथे ऑपेरा कधीच झाला नाही, ही गोष्ट वेगळी. नाटकं झाली, जादूगार आले, शाळेची बक्षिसं वाटली गेली. पण पाटीवर 'ऑपेरा हाउस' लिहिलेलं होतं आणि शेजारच्या गावात तसली पाटी नव्हती, एवढं आम्हाला पुरे होतं. तिथल्या नंबर घातलेल्या लाकडी खुर्च्या एमिलच्या. खेळ असला की ऑपेरा हाउसात, मयत असली की मयताच्या घरी. ऑपेरा हाउसला आग लागली त्या दिवशी खुर्च्या एका म्हातारीच्या अंत्यविधीला गेल्या होत्या, म्हणून तेवढ्या वाचल्या. आता त्या जागेवर पेट्रोल पंप आहे.

प्रेक्षकांना जागेवर नेऊन बसवायचं काम ओटिलीमावशीचं. ऑपेरा हाउस गेलं तरी तिने ते सोडलं नाही. कुणाचीही मयत असो, हातमोजे घालून ती हजर, आणि ज्याला त्याला त्याच्या जुन्या नंबरावर बसवणार. कुणाला उशीर होणार असेल तर त्याच्या खुर्चीच्या पाठीवर ती हातमोजे टाकून ठेवायची. मग त्या खुर्चीला हात लावायची कुणाची छाती नव्हती.

लोक आले आणि नव्या खुर्च्यांपाशी घुटमळत राहिले.

"मावशी, माझी जागा कुठली?" मार्टिन लोहाराने विचारलं.

"व्हर्ननला विचार. ह्यांना नंबरच नाहीत."

तेवढ्यात एमिलची बायको रोझालिया उठून उभी राहिली. "व्हर्नन, तुझ्या बापाने मला मागणी घातली तेव्हा मी अकरावर होते, तो बारावर. मी पत्र्यावर बसून त्याला निरोप देणार नाही."

"बरं, तुझी एक आणतो, आई."

"एक कशाला? सगळ्या आण."

व्हर्नन शेडकडे निघाला. मागोमाग मार्टिन, मग आम्ही सगळे. काळे कोट घातलेली माणसं धुळीत शिंकत आपापला नंबर शोधू लागली.

"तुझी अजून डुगडुगते की रे!"

"बसणारा फुगला, त्यात तिचा काय दोष?"

खुर्च्या डोक्यावर घेऊन आम्ही परतलो, तेव्हा आपल्या गावाचं ऑपेरा हाउस जळालंय असं मला मुळीच वाटलं नाही.

मावशीने एकेकाला जागेवर बसवलं. रोझालिया अकरावर बसली. शेजारच्या बारावर बसायला व्हर्नन पुढे झाला.

"ती नाही," मावशी म्हणाली. "तू तेरावर बस."

तिने हातमोजे काढले, बारा नंबरच्या पाठीवर टाकले, आणि उघड्या हातांनी पुन्हा दाराशी जाऊन उभी राहिली.