गुलाबी उजेड

सारो वादाला यांचं एकच म्हणणं होतं: अतिनील किरण मोडतात, जोडत नाहीत. तारे जन्मतात त्या वायूच्या ढगांत हे किरण कडेने शिरले की रेणूंचे तुकडे होतात, विषय संपला. कातानियातल्या आमच्या प्रयोगशाळेत त्यांनी ते वायू गोठवून केलेल्या बर्फावर अतिनील दिव्याचे किरण सोडून दाखवलं होतं. तिंदारा नावाच्या विद्यार्थिनीला मात्र त्याच बर्फात एक नवा रेणू जुळलेला दिसला. "तो रेणू नाही, बाई, तुझ्या हाताची घाण आहे," सगळ्यांसमोर ते म्हणाले. काही महिन्यांनी त्यांनी स्वतः तो प्रयोग केला, तर रेणू आला नाही. तिंदाराने शास्त्रच सोडलं. आता ती जवळच्या आचिरेआले गावात औषधाचं दुकान चालवते.

आमच्याकडे निवृत्त होणारा माणूस शेवटचा प्रयोग आपल्या हाताने करतो, मग कसाता हा आमच्याकडचा केक कापतात. सारोंनी तोच बर्फाचा प्रयोग निवडला होता. त्यांच्या दिवशी सकाळी मी दिवा पुसायला उघडला. किरण बाहेर येतात ती काचेसारखी चकती किंचित तपकिरी झाली होती. मोजून पाहिलं, तर दिव्याचा गुलाबी उजेड आरपार जात होता आणि अतिनील किरण जवळजवळ सगळे अडत होते. किरणांनीच ती वापरून वापरून खराब केली होती. आणि आम्ही शहाणे, गुलाबी दिसतंय म्हणजे दिवा ठीक, असं धरून चाललो होतो.

तीच चकती परत बसवली असती, तर म्हातारा सुखाने घरी गेला असता. मला त्यांची कीव आली. तिंदाराची जास्त आली. मी नवी बसवली.

दुपारच्या आत आलेखावर त्या नव्या रेणूची टेकडी उगवली, तिंदाराने दाखवली होती तिथेच. सारो दिव्यापाशी गेले.

"चकती बदललीस, ओर्नेला?"

"सकाळी. जुनी ही घ्या."

त्यांनी ती खिडकीशी धरली. "चांगली तर दिसतेय."

"डोळ्यांना दिसते, प्रोफेसर. तिंदाराच्या वेळी ती नवी होती. तुम्ही तपासलंत तोवर मेली होती."

"घाण म्हणालो मी तिला."

शेजारच्या खोलीत बशा वाजत होत्या. त्यांनी चकती खिशात टाकली.

"कसाता राहू दे. गाडी काढ. दुपारी तिचं दुकान बंद होईल."

"ती म्हणेल, आता काय उपयोग."

"म्हणू दे," ते कोट चढवत म्हणाले. "तेव्हा मी तिला बोलूच दिलं नव्हतं."