दादा सांगेल ते

ताईच्या तोंडात दिवसभर टाचण्या असायच्या, त्यामुळे ती जवळजवळ मुकीच आहे असा दादाचा पक्का समज झाला होता. दादा म्हणजे तिचा मावसभाऊ. परदेशात त्याचं ड्रायक्लीनिंगचं दुकान होतं, आणि दुकानात पुढं, काचेला लागून, ताईचं शिवणयंत्र. पँट आखूड कर, कोटाचं अस्तर बदल, स्कर्टची चेन बसव, ही कामं तिची. नवरा गेला तेव्हा सासरच्यांनी हात झटकले होते, माहेरी दार उघडायलाही कुणी उरलं नव्हतं. त्या वेळी हाच दादा धावून आला. त्यानं तिला नोकरी दिली, व्हिसा करून दिला, इकडं आणलं. ते कुणी नाकारत नाही, ताई तर मुळीच नाही.

मुलगी मात्र ताईच्या लग्न झालेल्या धाकट्या बहिणीकडं मागं राहिली. घरात तिला सगळे चिमणी म्हणत. जरा बस्तान बसू दे, मग तिलाही आणू, असं दादानं विमानतळावरच सांगितलं होतं. ते बस्तान मेलं काही बसेना. दादा स्वतः दर रविवारी चिमणीला फोन करायचा, अभ्यासाचं विचारायचा, चेष्टामस्करी करायचा. भाचीचा भारी जीव मामावर. ताईला ते बघून बरं वाटायचं.

दरवर्षी व्हिसा वाढवून घ्यायला परदेशी लोकांच्या कार्यालयात जावं लागे. ताईला तिकडची भाषा येत नाही म्हणून दादा दुभाष्या. अधिकारी विचारणार, दादा मराठीत सांगणार, ताई मान डोलावणार, आणि ताईच्या वतीनं दादाच उत्तर देणार. उठता उठता ताई हळूच म्हणायची, चिमणीचं विचार ना. दादा विचारायचा, दोन वाक्यं इकडून तिकडं जायची, आणि मग तो तिच्याकडं वळून सांगायचा की यंदा कोटा भरलाय, पुढच्या वर्षी बघू.

आता तुम्ही म्हणाल, पोटच्या पोरीचा प्रश्न, मग बाईनं दुसऱ्या कुणाला विचारलं का नाही? अहो, घरातला मोठा माणूस शेजारी बसलेला असताना त्याच्या डोक्यावरून तिसऱ्याला विचारायचं, म्हणजे तुझ्यावर विश्वास नाही असं त्याच्या तोंडावर म्हणणंच की! आपल्यात कोण करतं असं? एक वेळ पोलिसावर संशय घेऊ, पण दादावर? छे. ताईच्या जागी तुम्ही असतात तर तुम्हीही मान डोलावूनच आला असतात.

पण दादाला एक गोष्ट ठाऊक नव्हती. गिऱ्हाईक स्टुलावर उभं राहतं, ताई त्याच्या पायाशी बसून टाचण्या लावते. हललं तर टोचतं, म्हणून ते बिचारं जागचं हलत नाही. मग करणार काय, बोलत सुटतं. सासू, गुडघे, घरमालक, पोराबाळांची लग्नं. तोंडात टाचण्या धरलेल्या बाईकडून उत्तराची अपेक्षा कुणीच करत नाही. ताई नुसती ऐकायची. बोलायला जीभ वळत नव्हती, पण गेल्या वर्षभरात कान चांगले तयार झाले होते. मागं बॉयलरच्या वाफेत उभ्या असलेल्या दादाला वाटायचं, हिला ‘उद्या या’ आणि ‘तयार आहे’ एवढंच येतं. तिनं काही मुद्दाम लपवलं नव्हतं. त्यात सांगण्यासारखं आहे असं तिला वाटलंच नाही.

असंच एका गिऱ्हाइकानं स्टुलावरून सांगितलं की आईच्या व्हिसावर मूल आणायचं तर ते अठराच्या आतलं लागतं. त्या बाईनं आपला मुलगा असाच शेवटच्या घटकेला आणला होता. ताईच्या हातातली टाचणी तिच्याच बोटात गेली. चिमणीला पुढच्या महिन्यात अठरावं पुरं होत होतं. म्हणजे यंदा झालं तर झालं, नाहीतर मायलेकींनी एका घरात राहायचं कायमचं विसरायचं.

यंदा चिमणीचं झालंच पाहिजे, एवढंच तिनं दादाला सांगितलं. तो म्हणाला, काळजी करू नकोस, मी आहे ना.

कार्यालयातली अधिकारी बॉबकटवाली बाई होती, कामाला चोख आणि बोलायला बरी. फाइल बघून तिनं आपणहूनच विचारलं, मुलीला आणायचा अर्ज करायचाय का, वय होत आलंय म्हणून विचारते. ताईला शब्द न् शब्द कळला. इतका आनंद झाला की ती हसणारच होती.

दादानं तिकडच्या भाषेत शांतपणे सांगितलं, “नाही. मुलगी तिथंच खूश आहे. हीसुद्धा लवकरच परत जाईल.”

ताईला वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं. कोटाच्या बाह्या आणि लोकांचे गुडघे यांच्यावर शिकलेली भाषा, तिचा काय भरवसा? तिनं मराठीत विचारलं, “दादा, काय म्हणाल्या गं त्या?” गडबडीत तोंडातून ‘गं’ गेलं, इतकी ती बावचळली होती.

“कोटा भरलाय म्हणतात. मी हातापाया पडून पाहिलं. नशीब आपलं, दुसरं काय,” दादा म्हणाला, आणि त्यानं तिच्या पाठीवरून हात फिरवला.

कोटा हा शब्द तर बाईनं उच्चारलाच नव्हता, तेवढं ताईला पक्कं कळलं होतं. राग नंतर आला. आधी लाज वाटली, आणि तीही त्याच्यासाठी, जणू भर बाजारात त्याचं धोतर सुटलं होतं आणि ते तिला दिसलं होतं.

मग तिनं तोंड उघडलं. मोडकंतोडकं, पण थेट बाईकडं बघून. मी आई. मुलगी पाहिजे. आजच पाहिजे. दादा हसला, ही गोंधळलीय म्हणाला. बॉबकटवालीनं त्याला हातानंच गप्प केलं आणि ताईला सावकाश, एकेक शब्द सुटा करून समजावलं. कोटा वगैरे काही नसतो. हा प्रश्न दरवर्षी सगळ्यांनाच विचारतात. अर्ज आत्ताही घेता येईल. फक्त मालकानं नोकरी कायमची आहे एवढं सांगायला हवं. आणि मालक इथंच बसलेत, मग अडचण ती काय?

ती दादाकडं वळली. ताईही वळली. एका शब्दाचं काम होतं. तो तेवढा एक शब्द बोलला असता ना, तर ताईनं मागचं सगळं तिथल्या तिथं गिळून टाकलं असतं.

दादानं घसा साफ केला. दुकानाचा काही भरवसा नाही, म्हणाला. नोकरी या वर्षअखेरपर्यंतच.

मग अर्ज नाही घेता येणार, असं बाई म्हणाली, आणि तिनं ताईकडं बघायचं टाळलं.

बाहेर पायऱ्यांवर दादा समजूत घालू लागला. मुलीचा अर्ज झाला की आईचा व्हिसाही कायमचा होतो, मग तू कुठंही नोकरी धरायला मोकळी. तुझ्यासारखा हात मला इथं कुठं मिळणार? सगळी गिऱ्हाइकं तुझ्यासाठी येतात. हे तो कौतुकानंच सांगत होता.

“नुसतं थांब म्हणाला असतास, तर जन्मभर थांबले असते,” ताई म्हणाली.

दादा म्हणाला, घरी चल, तुझी वहिनी जेवायची थांबलीय. ती गेली नाही. समोरच्या बसथांब्यावर बसून तिनं चिमणीला फोन लावला आणि एका दमात सगळं सांगितलं. यायचं राहिलं, कायमचं राहिलं, आणि ते कुणामुळं राहिलं.

चिमणीनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “पण मामा तर दर वर्षी सांगायचा, तुझ्या आईलाच नको आहे. तिला तिकडं मोकळं राहायचंय म्हणायचा.”

“आणि तू ते खरं मानलंस?”

“मामा कशाला खोटं बोलेल?”

ताईनं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. या वेळी रडत सांगितलं, शपथा घेतल्या, अधिकारी बाईचा एकेक शब्द म्हणून दाखवला. पलीकडून मध्ये मध्ये नुसतं “हं” येत होतं.

“बाळा, तुला पटतंय ना?”

“रडू नकोस तू,” चिमणी म्हणाली. “थांब, मी मामाला विचारते आणि तुला फोन करते.”