एकेचाळिसावं मिनिट

"बाई, हात लावू का?"

"पहिल्या दहा मिनिटांत लावा. नंतर मी लावू देणार नाही," परीक्षक बाई म्हणाल्या.

कारखानदाराने आपल्याच दारावर तळहात टेकवला. पलीकडे भट्टीत सातशे अंशांची आग घुमत होती. इकडे नुसती ऊब, उन्हातून काढलेल्या चादरीची असते तेवढी. त्याला हात काढवेना.

येताना गाडीत त्याने मुलीचं डोकं खाल्लं होतं. आगीला अडवणाऱ्या प्रत्येक दाराचा नमुना सरकारी प्रयोगशाळेत साठ मिनिटं जाळून तो टिकतो हे दाखवायचं, असा नवा नियम निघाला होता. "बाहेरच्या देशांतले लोक दारं विकतात आणि आपण जाळत बसतो. अशाने कसली टक्कर देणार?" कारखान्याचा कारभार आता मुलगीच पाहायची. ती एवढंच म्हणाली होती, "बाबा, समोर बघा."

आता मुलीनेच त्याला खुणेने भट्टीच्या झरोक्याशी बोलावलं. आतल्या बाजूचा पत्रा लाल झाला, मग नारिंगी, मग इतका लखलखीत की त्यावरचे सांधेही दिसेनात. दार फुगत होतं, कण्हत होतं, पण जागा सोडत नव्हतं. तीस वर्षं त्याने दारं बनवली, रंगवली, पाठवली. त्यांतलं एकही कामावर असलेलं त्याने कधी पाहिलं नव्हतं.

एकेचाळिसाव्या मिनिटाला कुलपाशेजारून आगीची एक निळसर जीभ बाहेर आली. करंगळीएवढी. बाईंनी तिच्यासमोर कापूस धरला. तो भपकन पेटला. त्यांनी घड्याळ थांबवलं.

"कुलपाचं भोक," तो पुटपुटला. "एवढ्या मोठ्या दारात तिने नेमकं तेच हुडकलं."

"तिथे उष्णतेने फुगणारी पट्टी घाला. दोन महिन्यांनी पुन्हा या."

"तोवर या दारांचं ठरत आलेलं मोठं काम हातचं गेलं," मुलगी हळूच म्हणाली.

भट्टी बंद झाली तरी तो काळवंडलेल्या कुलपाकडेच बघत होता.

"गावातल्या त्या प्रसूतिगृहात आपली किती दारं आहेत गं?"

"चौदा, याच कुलपाची. पण ती नियमाच्या आधीची, बाबा. त्यांच्याबद्दल कोणी विचारणार नाही."

"हं."

त्याने खिशातून फोन काढला, नंबर शोधून लावला आणि भिंतीशी जाऊन उभा राहिला.

"हॅलो, तुमच्याकडची दारं मी बनवली आहेत," तो म्हणाला. "मला ती बघायची आहेत. आज आलो तर चालेल?"