विहिणीच्या हातचा घास

सोयरीक ठरली, तशी मुलाची आई बातिमा रिवाजाप्रमाणे व्याह्यांना मेंढ्याच्या शेपटीची चरबी अन् कलेजी भरवायला उठली.

"लहान घास, विहीणबाई," मुलीचे वडील तोरेबेक गळ्याला हात लावून म्हणाले.

"का, माझ्या हातचं गोड लागत नाही वाटतं?" म्हणत तिने मूठभर कोंबलं. सगळे हसले. मग तोरेबेकना थुंकीही गिळवेना.

इस्पितळात डॉक्टरणीने घशातून दुर्बीण घालून अन्ननलिकेत अडकलेला गोळा काढला. "नळी अरुंद झालीय तुमची. एवढा घास घेतात का?"

बातिमाची मान वर होईना.

"मीच हावरटपणा केला," तोरेबेक घोगऱ्या आवाजात म्हणाले.

डॉक्टरीण गेल्यावर ते बातिमाकडे वळले. "विहीणबाई, माझी पोर 'लहान घास' म्हणाली, तर तेवढं ऐका."