रिकाम्या स्टुलावरची चौकट

छावणीच्या गुरुवारच्या बाजारात शेळ्यांची नुसती दाटी झाली होती, आणि कचरूदादा लेकीला त्या शेळ्यांवरच फोकस शिकवत होते. दोघं दादांच्या फोटो स्टुडिओच्या पायरीवर बसले होते. संध्या पुण्याला ग्रंथपाल होती. सुटीला येताना तिनं वडिलांसाठी नवा कॅमेरा आणला होता, पण दादांनी तो तिच्याच गळ्यात अडकवला.

"बांधलेल्या शेळीला सिंगल. बटण अर्धं दाबलं, बीप वाजली, की फोकस बसला. मग जागचा हलत नाय. चालत्या शेळीला कंटिन्युअस. ती जशी येईल तसा फोकस तिच्यासंगं येतो."

"आणि मॅन्युअल?"

"ते हातानं फिरवायचं, माझ्यासारख्याला. ज्याचा मशीनवर भरवसा नाय त्याला."

समोर चेहरा आला की स्क्रीनवर एक हिरवी चौकट आपोआप त्यावर बसायची. एकदा ती दाढीवाल्या बोकडावर बसली. "घ्या, याला बोकडातबी पाव्हणा दिसला," दादा म्हणाले आणि चहा आणायला उठले.

टपरीपाशी ते वळले तेव्हा तिनं कॅमेरा उचलला. बीप वाजली. दोन्ही हातांत ग्लास सांभाळत ते चालत आले, आणि जवळ आल्यावर तिनं बटण दाबलं.

दादांनी फोटो पाहिला. मागची टपरी, तिच्या फळीवरच्या बरण्या, सगळं लख्ख. ते स्वतः पुसट.

"मी उभा होतो ती जागा लई झकास आलीय. चालत्या माणसाला सिंगल लावतात व्हय?"

ती हसली. दादांनी तिच्या हातात ग्लास दिला आणि बाजाराकडं बघत विचारलं, "पुढं तू बघशील ना हे सगळं? स्टुडिओ?"

संध्यानं ग्लास पायरीवर ठेवला, कॅमेरा डोळ्याला लावला आणि शेळ्या बघत राहिली. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. संध्याकाळी त्यांनी कॅमेरा स्टुडिओतल्या स्टँडवर, गिऱ्हाइकांच्या स्टुलासमोर लावून ठेवला. उद्या माणसावर शिकवतो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी, पायांत चपला सरकवता सरकवता, ते गेले.

जलदान विधीच्या आदल्या दिवशी, हार घालायला म्हणून, फोटोची शोधाशोध सुरू झाली. घरात दादांचा एकही धड फोटो निघाला नाही. "साऱ्या छावणीचे काढले," मालनबाई, संध्याची आई, म्हणाली, "सोताचा नाय ठेवला एक." संध्यानं त्या पुसट फोटोचं सांगितलं. आई म्हणाली, "असू दे. येताना तर दिसतेत. तोच छापून आण."

भर दुपारी संध्यानं स्टुडिओचं शटर अर्धं वर केलं आणि वाकून आत गेली. कॅमेरा दादांनी ठेवला होता तसाच होता. कार्ड काढण्याआधी फोटो एकदा बघावा म्हणून तिनं तो चालू केला.

स्टूल रिकामं होतं, आणि त्याच्या वर, बसलेल्या माणसाचं डोकं येईल तेवढ्या उंचीवर, हिरवी चौकट होती.

तिनं लेन्स पुसली. मागच्या पडद्याच्या चुण्या चेहऱ्यासारख्या दिसत असतील म्हणून पडदा गुंडाळला. मागं नुसती भिंत उरली. चौकट तिथंच राहिली. थोडी डावीकडं झुकलेली होती. दादा समोरच्याचं ऐकताना मान तशीच करायचे.

तिनं बटण अर्धं दाबलं. बीप वाजली. पुरतं दाबलं. फोटोत स्टूल आलं, भिंत आली.

मग तिनं मोड बदलला. कंटिन्युअस.

लेन्समधून घरघर ऐकू आली. चौकट स्टुलावरून वर उठली आणि हळूहळू मोठी होऊ लागली. मोठी होत होत तिनं स्क्रीनची कड गाठली. लेन्स मागंपुढं धडपडू लागली. इतक्या जवळचं लेन्सला धरता येत नव्हतं. संध्याच्या कपाळाला गार लागलं. पंखा बंद होता.

तिनं घाईनं सिंगल लावलं. चौकट पुन्हा स्टुलावर जाऊन बसली. मान डावीकडं.

ती कितीतरी वेळ बघत राहिली. हे असं ठेवता येईल, तिच्या मनात आलं. पुण्याहून यावं, शटर वर करावं, कॅमेरा लावावा, की दादा समोर बसलेले. उत्तर ऐकायला. ते मिळेपर्यंत ते उठणार नाहीत, हे तिला आता नीट कळलं, आणि ते आपल्याला हवंसं वाटतंय हेही कळलं.

बाहेर कुणाची तरी शेळी ओरडली.

संध्यानं कंटिन्युअस लावलं आणि बटण अर्धं दाबून धरलं. घरघर सुरू झाली. या वेळी तिनं स्क्रीनवरची नजर काढून समोरच्या रिकाम्या जागेकडं पाहिलं.

"नाही दादा," ती म्हणाली. "हा स्टुडिओ मी नाही बघणार. त्या दिवशीच सांगायला पाहिजे होतं. आता माझ्यासाठी बसून राहू नका."