काष्ठनगरी आणि कापुराची पेटी

या, असे सरकून जवळ बसा. टाळांच्या दोऱ्या सैल सोडा, मृदंगाला क्षणभर विसावू द्या. आज पुराणातली नव्हे, साता समुद्रांपलीकडची गोष्ट सांगतो. तिथे घर लाकडाचे, वाट लाकडाची, देवाचे मंदिरसुद्धा लाकडाचे. आणि एका मेलेल्या माणसाला जाळायला मात्र लाकूड नाही. गोष्ट थंड आहे, कठोर आहे. पण तिच्या तळाशी एक निखारा आहे. तो विझू न देता तुमच्या ओंजळीपर्यंत आणायचा, एवढेच माझे काम.

शरद ऋतू होता. अमेरिका नावाचे राष्ट्र तेव्हा पाळण्यातून नुकते खाली उतरले होते. त्याच्या ईशान्य किनाऱ्यावर त्या ऋतूत झाडे पेटतात. पाने आधी पिवळी, मग केशरी, मग रक्तासारखी लाल. टेकडीमागून टेकडी जळत जाते आणि धूर कुठेच नसतो. त्या धूम्रहीन वणव्याच्या पायाशी, करड्या समुद्राला खेटून, ती बंदरनगरी उभी होती.

काष्ठनगरीच म्हणा ना. धक्के ओकाचे, गोदामे पाइनची, छपरांवर कौलेही लाकडाची. बंदरात शेकडो डोलकाठ्या, जणू पानांविना, पाखरांविना उभे राहिलेले अरण्य. त्या अरण्यातून जहाजे निघत, आफ्रिकेला वळसा घालत, सुमात्राची मिरी, सुरतेचे कापड, चीनचा चहा पोटात भरून परतत. गल्ल्यांना डांबराचा, खारवलेल्या माशाचा आणि मिरीचा वास. परका माणूस तिथे पाऊल ठेवताच शिंके. नगरी शिंकत नसे. तिच्या नाकाला लाभाची सवय होती.

आणि त्या नगरीला एकच भय. आग.

एका पिढीपूर्वी एका ठिणगीने एक अख्खी गल्ली, माणसांसकट, खाल्ली होती. तेव्हापासून नियम झाला : प्रत्येक दाराशी दोन खिळ्यांना दोन कातडी बादल्या टांगायच्या, वर घरधन्याचे नाव पांढऱ्या रंगात लिहायचे. घंटा वाजली की भरल्या ताटावरून उठायचे, प्रार्थनेतून उठायचे, बादल्या उचलायच्या आणि समुद्रापासून आगीपर्यंत रांग धरायची. एरवी मापावरून एकमेकांचे गळे धरणारी माणसे त्या रांगेत एका देहाचे हात होत. नगरीचा हा एवढाच एक सद्गुण. लक्षात ठेवा बरं का, कारण तिने घाव घातला तो याच सद्गुणाने.

मालवणच्या खाडीकाठचे, दर्यावर जगणाऱ्या गाबीत जातीचे दोन भाऊ, हरबा आणि दुलबा, मुंबईला एका अमेरिकन जहाजावर खलाशी म्हणून चढले होते. थोरला हरबा शिडाच्या दोरासारखा, ताणलेला आणि अबोल. धाकटा दुलबा वाऱ्यासारखा. डोलकाठीच्या टोकावर बसून तो गावच्या भजनाचा गजर म्हणे, आणि खालून गोरे खलाशी त्याला शिव्या देत. तो शिव्यांनाच ठेका समजून पुढची ओळ घेई.

आफ्रिकेचे टोक ओलांडताना थंडी त्याच्या छातीत शिरली. आधी गजर थांबला, मग हसणे, मग जेवण. ज्या सकाळी जहाजाचा दोर धक्क्याच्या खुंटाला पडला, त्याच सकाळी दुलबाचा श्वास सुटला. एक दोर बांधला गेला, एक सुटला.

खलाशी मेला तर तो दर्याला द्यावा, ही रीत हरबाला ठाऊक होती. पण निघताना आई कमरेइतक्या खाडीच्या पाण्यात उभी राहिली होती. तिचा नवरा दर्यानेच नेला होता, आणि त्याचे बोटभर हाडही परत दिले नव्हते. होडी सुटताना तिने धाकट्या लेकाकडे पाहत थोरल्याचे मनगट धरले होते.

"दर्याक घोव दिलंय," ती म्हणाली होती. "आता झील देवचंय नाय. कसोय असांदे, तेका घराक घेवन ये."

देह सहा महिन्यांच्या वाटेने नेता येत नाही. अस्थी नेता येतात. अस्थींना आधी अग्नी हवा. त्या अफाट काष्ठनगरीत हरबाला हवे होते ते एवढेच : एका माणसापुरते लाकूड, आणि एका दिवसापुरती आग.

जहाजाचा मालक एलिफलेट ग्रोव्ह धक्क्यावरच उभा होता. उंच काळी टोपी, उंच पांढरी मान, आणि दोहोंच्या मध्ये ओहोटीच्या रेतीसारखा ओला, सपाट चेहरा. हरबाने मोडक्यातोडक्या बोलीत मागणे मांडले. ग्रोव्हने नुकत्याच फोडलेल्या पोत्यातला मिरीचा एक दाणा दातांखाली धरला, चव पाहिली, समाधान पावला.

"मिरी उतरवा," तो म्हणाला. "माणूस राहू दे. ओहोटीबरोबर सोडून द्या."

उघड्यावर आग हा त्या नगरीत गुन्हा, आणि तिच्या दफनभूमीत परधर्मी देहाला जागा नाही, हेही त्याने जाता जाता सांगितले. सांगताना तो हरबाकडे पाहत नव्हता. तो पोती पाहत होता.

तीन दिवस हरबा लाकूड मागत फिरला. जहाजे बांधणाऱ्यांकडे गेला. भुश्शाचे डोंगर पडले होते, ओंडक्यांचे गड रचले होते. त्यांनी दार मिटले. सुताराने दार मिटले. पाववालीने खिडकी मिटली, आणि आतून कडी लावल्याचा आवाज मुद्दाम मोठा केला. मुलांनी शिंपले फेकले. पिंपे बांधणारा मात्र त्याचे सगळे ऐकून घेऊन चार जणांना ऐकू जाईल असे म्हणाला, "आमच्यात पापी तेवढे जळतात, तेही देवाच्या हातून. तुम्ही तर घरच्यांनाच जाळता." चौघे हसले. मग तिथलेही दार मिटले.

हरबाने ती नगरी डोळ्यांत भरून घेतली. एकेक दार, एकेक खिळा, एकेक बादली. प्रेमाने नव्हे हो. माणूस वैऱ्याचा चेहरा घेतो तशी.

शेवटी लाकूड दिले ते दर्यानेच. ग्रोव्हच्या मिरीच्या गोदामापलीकडे एक रेतीचा पट्टा होता, भरतीला बुडणारा, ओहोटीला उघडा पडणारा. तिथे वाहून आलेल्या फांद्या होत्या, फुटक्या पिंपांच्या फळ्या होत्या, कुठल्याशा बुडाल्या जहाजाच्या बरगड्या होत्या. लाटांनी आणलेले ते अनाथ लाकूड हरबाने खांद्यावर वाहिले, रचले, पुन्हा वाहिले.

चौथ्या दिवशी सकाळी शिडाच्या कापडात गुंडाळलेला भाऊ त्याने होडीतून आणला. गावाहून आणलेला अखेरचा नारळ फोडला. पाणी नव्हतेच त्यात. खोबरे वाळून खुळखुळत होते. आणि त्याने अग्नी दिला.

खाऱ्या लाकडाची ज्वाला कधी पाहिलीत? ती लाल नसते. निळी असते, हिरवी असते, मोरपिशी असते. करड्या आकाशाखाली, करड्या पाण्याकाठी, दुलबाभोवती मोरपंख उमलत गेले. हरबाचा ताणलेला दोर पहिल्यांदाच किंचित सैल झाला.

तेवढ्यात धूर वर चढला. वाऱ्याने तो गोदामाच्या छपरावर आणला. आणि घंटा वाजली.

नगरी उठली. तिच्या त्या एकुलत्या एका सद्गुणाने उठली. जहाजे बांधणारे धावले, सुतार धावला, पाववाली पीठभरल्या हातांनी धावली. ज्यांनी दारे मिटली होती त्याच दारांतून, त्याच खिळ्यांवरून बादल्या निघाल्या. रांग लागली. हातातून हातात, हातातून हातात, समुद्र उचलला जाऊ लागला. हरबा आडवा आला, तर त्याला कुणी मारलेसुद्धा नाही. वाटेतले पिंप सारावे तसे सारले. पाणी पडले. मोरपंख फुसफुसले, काळे पडले. पुन्हा पाणी पडले.

मग पहिल्या रांगेला दिसले, आपण काय विझवले ते.

कुणी तोंड फिरवले. कुणी थुंकले. कुणी टोपी काढली आणि शेजाऱ्याकडे पाहून परत घातली. ग्रोव्हने आधी आपल्या गोदामाची भिंत हाताने चाचपली, मग पाण्याकडे बोट केले. संध्याकाळी भरती चढेल, त्याने सांगितले, आणि उरलेले काम समुद्र करील.

दर्याक झील देवचंय नाय, आई म्हणाली होती. आणि दर्या रेतीवरून रांगत येत होता.

हरबा वाकला. भिजल्या चितेच्या पोटात एक ओंडका अजून धगधगत होता. त्याने तो उचलला. त्याच्यापासून दहा पावलांवर मिरीचे गोदाम होते. कोरड्या पाइनचे, कोरड्या कौलांचे. त्यामागे दुसरे, त्यामागे तिसरे, त्यामागे दारे, दारे, मिटलेली दारे. वारा समुद्राकडून नगरीकडे वाहत होता. एक सोडून सगळ्या बादल्या रिकाम्या झाल्या होत्या.

त्या क्षणी, श्रोतेहो, त्याच्या हातात चितेचा ओंडका नव्हता. ती अख्खी नगरी होती.

रांगेच्या शेवटी एक म्हातारी उभी होती. दोर्कस तिचे नाव. तिचा नवरा जोथम अकरा वर्षांपूर्वी पूर्वेच्या सफरीवर गेला आणि आला नाही. जहाज नाही, निरोप नाही, थडगे नाही. बादलीवरचे पांढरे नाव हीच त्याची शिळा. म्हातारे पाय उशिरा पोचले, म्हणून तिची एकटीची बादली अजून भरलेली होती.

तिने ओंडका पाहिला. ओंडका पाहणारे डोळे पाहिले. ते डोळे कुठे पाहत होते तेही पाहिले. ओरडली असती तर पन्नास हात धावले असते. ती ओरडली नाही. तिने बादली कलती केली आणि पाणी रेतीवर ओतून दिले.

"कोण तुझा?" तिने विचारले.

"भाऊ." हरबा म्हणाला. "घरी आई वाट बघते."

म्हातारीने बादलीवरच्या नावावरून अंगठा फिरवला. "मीही बघते," ती म्हणाली. "तो ओंडका विझू देऊ नकोस. मी येते."

ती गेली आणि हातगाडी घेऊन आली. हिवाळ्यासाठी फोडून रचलेली, उन्हाळाभर वाळवलेली तिची लाकडे होती तीत. त्या देशात ही लाकडे म्हणजे धान्य. ती संपली की माणूस चुलीपाशीच गोठतो. एक गाडी रिकामी केली. दुसरी आणली. नगरी पाहत राहिली. कुणी हात लावला नाही, कुणी हात धरला नाही. तिसऱ्या खेपेला गाडीत एक पेटी होती, पितळी कोपऱ्यांची. जोथमने पहिल्या सफरीहून आणलेली, चीन देशच्या कापुराच्या लाकडाची. आत त्याचे कपडे होते, अकरा वर्षे घडी न मोडलेले.

ग्रोव्ह पुढे झाला. नियम त्याने सांगितला, दंडाधिकाऱ्याचे नाव सांगितले, अखेर आवाज मऊ करून तिला वेड लागल्याचेही सांगितले.

दोर्कस पेटी ओढत राहिली. "ही आग माझी आहे, एलिफलेट," ती म्हणाली. "घंटा वाजवायची तर माझ्या नावाने वाजव. अकरा वर्षांत माझ्यासाठी कुणी वाजवली नाही."

घंटा वाजली नाही.

हरबाने ओंडका खाली टेकवला; गोदामाला नव्हे, पेटीला. आणि कापूर पेटला.

काय सांगू तो सुगंध. डांबर मागे सरले, मासळी मागे सरली, मिरीचा तो गर्विष्ठ दर्पही मागे सरला. परक्या किनाऱ्यावर, वैरी आकाशाखाली, हरबाला आपल्या गावच्या देवळातली काकडआरती आली. ओला गाभारा आला, फुले आली, डोळे मिटून गाणारा दुलबा आला. आयुष्यात कधी न गायलेला हरबा गायला. बेसूर, फाटका, भावाचाच गजर. दोर्कस ठेक्यावर मान हलवत नव्हती. तिला तो कळत नव्हता. ती फक्त उठून गेली नाही.

नगरी मात्र उठून गेली. एकेक करून, रिकाम्या बादल्या हलवत. क्षमा कुणी मागितली नाही. दारे होती तशी मिटली.

संध्याकाळी भरतीच्या हाती फक्त राख लागली. अस्थी हरबाच्या मुंडाशात बांधल्या होत्या, आणि मुंडासे दोर्कसच्या बादलीत होते. ती त्याने मागितली नव्हती. तिने ती त्याच्या हाती दिली, आणि जोथमचे नाव त्याच्या छातीकडे वळवले.

सहा महिन्यांनी मालवणच्या खाडीत होडी टेकली. बादली कातड्याची, शिवू नये म्हणून बाया मागे सरल्या. आई पुढे आली. तिने ती मांडीवर घेतली, लेकराला घ्यावे तशी. अस्थी तिने खाडीच्या वरच्या अंगाला, नदीच्या गोड्या पाण्यात सोडल्या, जिथे दर्याचा हात पोचत नाही. रिकामी बादली तिने होडीच्या खोपीत टांगली, आणि तिच्यावरच्या न वाचता येणाऱ्या नावाला मरेपर्यंत दर सोमवारी फूल वाहिले. असा, कुणी न पाहिलेला जोथम, शेवटी एका घरी पोचला.

दोर्कसने तो हिवाळा कसा काढला, कशाच्या उबेवर काढला, हे पुढे आलेल्या कुठल्याही जहाजाने हरबाला सांगितले नाही. एवढेच कळले, की त्या नगरीत दाराच्या खिळ्यांवर बादल्या दोन दोन असत आणि एका दाराशी एकच होती. दुसरी टांग, असे तिला नगरी वरचेवर बजावी. ती टांगत नसे.

म्हणून तुमच्याकडे एक मागणे. आरतीला कापूर लावाल, आणि तो जळून मागे राखेचा कणही उरणार नाही, तेव्हा हात ज्योतीवरून डोळ्यांना नेताना क्षणभर थांबा. त्या दोर्कसबाईंना आठवा. बाहेर बर्फ पडतो आहे. आत चूल थंड आहे. दाराशी एक बादली, आणि तिच्या शेजारी वाऱ्यात एक खिळा, रिकामा, उघडा, कुणाच्या तरी नावाने.